सहभागी क्रमांक सातचा टॉवेल

माझा थोरला भाऊ भिंतींच्या भेगांचा अभ्यास करतो. हे वाक्य मी आजवर निदान दोनशे लोकांना सांगितलं असेल आणि दोनशे जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, "म्हणजे तो त्या बुजवतो का?" नाही. बुजवत नाही. नुसत्या बघतो. भेग कुठून निघाली, कुठवर पोचली, महिन्याभरात किती वाढली, थंडीत आवळते की रुंदावते, हे बघायचं आणि लिहून ठेवायचं. एवढ्यासाठी तो सात वर्षांपूर्वी विमानात बसून समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठात गेला. आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर हातभर लांबीची भेग आयती होती, पण ती त्याला पुरली नसावी.

दादाचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर त्याला 'नाही' म्हणता येत नाही. एकदा शेजारच्या इमारतीतल्या बाईंनी त्याला नळवाला समजून आत बोलावलं. आपण नळवाले नाही, हे सांगायचं त्याच्या जिवावर आलं. दीड तास खपून त्यानं त्यांचा नळ दुरुस्त केला. पुढच्या आठवड्यात नळ पुन्हा गळायला लागला तेव्हा त्या घरी येऊन त्याला वाटेल ते बोलल्या, आणि यानं मान खाली घालून ते सगळं ऐकून घेतलं. पुन्हा नळ दुरुस्त करून आला ते वेगळंच.

अशा माणसाला परक्या मुलखात लोक विकून खातील, अशी मला खात्री होती. झालं उलटंच. त्याला अभ्यासासाठी एक जुनी गल्ली नेमून दिली होती, त्रेचाळीस घरांची. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दादा त्या त्रेचाळीस घरांत जायचा. भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं बारीक रेघ मारून तारीख टाकायची. जिथे संशय असेल तिथे भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी चिकटवायची. भिंत जराशी जरी हलली तरी पट्टी तडकते. तडकली की दादा खूश. आता दर महिन्याला कुणी तुमच्या घरी येऊन, तुमच्याच भिंतीकडे दहा मिनिटं प्रेमानं बघत उभा राहिला तर तुम्ही त्याला चहा दिल्याशिवाय राहाल का? सहा वर्षांत त्या गल्लीतल्या कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची सून रुसून गेली, हे सगळं दादाला ठाऊक होतं. गल्लीतला न्हावी तर त्याचे केस कापताना त्याला विचारतही नसे, कसे कापू म्हणून.

तो राहायचा त्याच गल्लीत, वरच्या खोलीत. खाली घरमालकीण. या बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या. चाळीस वर्षं पत्रं वेगळी करून करून त्यांचा आवाज असा झाला होता की त्या 'बस' म्हणाल्या की माणूस उभ्याचा बसायचा. दर मंगळवारी सकाळी जिन्याखालून त्यांची हाक यायची, "कचरा!" दादा एका हातात कचऱ्याची पिशवी नि दुसऱ्या हातात बूट घेऊन धावत खाली यायचा. त्यांच्या जिन्यातली भेग ही त्याची सगळ्यात लाडकी. साडेतीन फुटांची होती आणि अजून वाढीला लागलेली होती.

इकडे आईला मात्र एकच घोर. बाबांना जाऊन बरीच वर्षं झालेली, मी लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे, आणि दादा तिकडे. त्याची प्रकृती, जेवणखाण, लग्न या गोष्टींची तिला काळजी नव्हती. "तो परका तर होणार नाही ना गं?" एवढंच ती विचारायची. आठवड्याला दोनदा विचारायची. फोनवर त्याला बारकाईनं न्याहाळायची. अजून चहा फुंकून पितो का, खोटं बोलताना अजून डावा कान खाजवतो का, याची नोंद तिच्या डोक्यात असायची. फोन ठेवला की म्हणायची, "आज दोनदा खाजवला. बरं आहे."

आणि दर दोन वर्षांनी तो सुट्टीला आला की आम्ही त्याची अशी काही सरबराई करायचो की विचारू नका. नवी चादर, पाहुण्यांचे कप, खोलीत पाण्याचा तांब्या झाकून. टॉवेल मी स्वतः दुकानातून आणायचे, जाड, मऊ, आकाशी. दर खेपेला कोरा. दादाला जागचं हलू द्यायचं नाही. त्यानं पेला उचलला की आई हातातून काढून घ्यायची, "तू बस रे, दमून आलायस." एकवीस दिवस तो सोफ्यावर बसून असायचा आणि बाविसाव्या दिवशी विमानात बसायचा. आपण त्याचं किती करतो, या समाधानात मी पुढची दोन वर्षं काढायचे.

तर गेल्या वर्षी आईच्या पत्त्यावर एक जाडजूड पाकीट आलं. आत एक छापील, बांधीव प्रबंध. वर दादाच्या विद्यापीठाचा शिक्का, आणि कुणा बाईंची चिठ्ठी की तुमच्या सहभागाबद्दल मनापासून आभार. कुठल्याशा अर्जावर 'कायमचा पत्ता' असा रकाना होता आणि दादानं इमानेइतबारे आईचा पत्ता लिहिला होता. त्यामुळे जे पुस्तक त्याच्या खोलीवर जाऊन पलंगाखाली दडपलं जायला हवं होतं, ते थेट आईच्या हातात पडलं.

मागची हकीगत मला नंतर कळली, पण सोयीसाठी आधी सांगते. त्याच विद्यापीठात एक बाई होत्या. त्याही बाहेरदेशीच्याच. बाहेरून शिकायला आलेल्या माणसांना आपण कोण आहोत, कुठले आहोत, असं वाटतं, हा त्यांचा विषय. त्या टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायच्या म्हणून आपण त्यांना टेपवाल्या बाई म्हणू. त्यांच्याकडे सहा जण झाले होते, सातवा हवा होता. कुणीतरी दादाचं नाव सुचवलं आणि दादा, अर्थातच, हो म्हणाला.

टेपवाल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला इथे परकं वाटतं का?"

"नाही," दादा म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं बहुधा पहिलं 'नाही'.

"अजिबात?"

"अजिबात नाही. परवाच न्हाव्याच्या नातवाच्या वाढदिवसाला गेलो होतो."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. दादा मला म्हणाला, "छोटे, ते टोपण लावताना त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. तीन महिने त्या सातवा माणूस शोधत होत्या." ते काही याच्यानं बघवलं नाही. तो म्हणाला, "थोडंसं वाटतं." टोपण निघालं.

आता पंचाईत अशी की सांगायला याच्यापाशी दुःखच नव्हतं. मग त्यानं जवळच्या एका माणसाचं उसनं घेतलं. माझं. माझं लग्न झालं तेव्हा पहिलं वर्ष आम्ही दुसऱ्या गावी सासरी होतो. आईला काळजी नको म्हणून मी दर रविवारी दुपारी दादाला फोन करायचे आणि तासभर रडायचे. दादा तेव्हा नुसता "हं, हं" करत असायचा. ऐकतोय की भेगा मोजतोय कळायचं नाही. तर गडी सगळं ऐकत होता. शब्द न् शब्द पाठ होता त्याला.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी शाळेत एक परकी भाषा शिकवते, प्रबंध त्याच भाषेत होता, म्हणून आईनं तो माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "दादाचं काय छापून आलंय ते वाच मोठ्यानं. आपल्या भाषेत सांग."

मी पान काढलं. 'सहभागी क्रमांक सात (पुरुष, विषय: भेगा)'. नाव गुप्त राखण्याचा हा बाईंचा प्रकार. त्या अख्ख्या शहरात भेगांवाला पुरुष एकच होता.

"'इथल्या पाण्याला चव नाही,'" मी वाचू लागले. "'तहान लागते, पण घोट घशाखाली उतरत नाही.'"

आईनं चष्मा काढला.

"'रविवारी दुपारी सगळे झोपतात आणि घड्याळ पुढे सरकत नाही. मी खिडकीत बसून लाल कपडे घातलेली माणसं मोजतो.'"

इथे मी जरा अडखळले. लाल कपड्यांची माणसं? ही खिडकी मला कुठेतरी बघितल्यासारखी वाटली.

"'स्वयंपाकघरात साखर कुठल्या डब्यात आहे हे मला माहीत आहे, तरी दर वेळी विचारून घेतो. घरमालकीण तोंडावर काही बोलत नाही, पण मी घासलेली भांडी मी वळलो की पुन्हा घासते.'"

मी थांबले. घरमालकीण कसली? या तर माझ्या सासूबाई. भांडी त्या पुन्हा घासायच्या. साखर मी विचारून घ्यायचे. लाल कपड्यांची माणसं माझी, रविवार माझा, चव नसलेलं पाणीसुद्धा माझं. माझं लग्नाच्या पहिल्या वर्षाचं सगळं रडं या महाभागानं समुद्रापलीकडे नेऊन स्वतःच्या नावावर खपवलं होतं, आणि वर बाईंनी त्याला तळटीपा दिल्या होत्या.

सांगायची सोय नव्हती. कारण सासूबाई आता आमच्याबरोबर इकडेच राहतात आणि त्यांचं नि आईचं गूळपीठ आहे. रोज संध्याकाळी दोघी फिरायला जातात. भांड्यांचं प्रकरण मी आईला कधी बोलले नव्हते आणि आता बोलले असते तर दुसऱ्या दिवशीचं फिरणं बोंबललं असतं. मी पान उलटलं.

आई मात्र डोळे पुसून हसायला लागली. "रडतोय ना? मग आपलाच आहे," ती म्हणाली. सहा वर्षांचं ओझं उतरल्यासारखी ती घरभर हिंडली. देवापुढे जाऊन आली, शेजारणीला सांगून आली. दहा मिनिटांनी परत आली ती वेगळीच. "पण माझं पोर तिकडे रडतंय आणि मी इथे हसतेय काय? लाव फोन. बोलावून घे त्याला. अभ्यास गेला खड्ड्यात."

"आई, आठ महिने राहिलेत फक्त. शेवटच्या थंडीच्या भेगा मोजायच्यात. आता आला तर सहा वर्षं पाण्यात जातील."

"जाऊ देत. लाव."

फोन लागला. समोर दादाचा चेहरा, घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातला, आणि त्याच्या मागे हाताची घडी घालून खुद्द घरमालकीण. आम्हाला काय ठाऊक की आदल्याच दिवशी टेपवाल्या बाईंनी आपल्या प्रबंधाचा जाहीर कार्यक्रम केला होता आणि आपल्या भेगावाल्याचं काहीतरी आहे म्हणून अर्धी गल्ली तिथे टाळ्या वाजवायला गेली होती. पहिल्या रांगेत या बाई होत्या. दादाला समोर बसवून त्यांची उलटतपासणी चालू होती, आणि तेवढ्यात आमचा फोन.

दोघींची भाषा वेगळी. मला दोन्ही येत होत्या, पण मला तोंड उघडायची सोय नव्हती. मधे दादा.

"त्या बाईला विचार," आई म्हणाली, "माझ्या पोराची भांडी पुन्हा घासते म्हणजे काय समजते ती स्वतःला?"

दादा मागे वळून त्यांच्या भाषेत म्हणाला, "आई विचारते, तुमचे गुडघे कसे आहेत?"

"माझ्या गुडघ्यांचं सोड," घरमालकीण म्हणाली. "तिला सांग, या माणसानं सहा वर्षांत माझ्या घरात एक बशी घासलेली नाही. पुन्हा कुठली घासू? म्हणे माझ्या घरात रडतो. घोरतो. खाली माझ्या खोलीत ऐकू येतं."

दादा आईकडे वळला. "त्या म्हणतायत, तुमचा मुलगा फार गुणी आहे."

"मग बोट का नाचवतेय?"

"इकडे तशी पद्धत आहे."

"तिला म्हणावं, सहा वर्षांत पोराचा जीव अर्धा केलास."

"आई म्हणते, सहा वर्षं तुम्ही माझं खूप केलंत."

हे ऐकून घरमालकीण एकदम विरघळली आणि तिनं डोळ्याला रुमाल लावला. आई म्हणाली, "बघ, अपराधी वाटतंय तिला." दादाचा हात डाव्या कानाकडे गेला. आईनं ते बरोबर टिपलं आणि अर्थ मात्र उलटा लावला. "खोटं बोलतोय. आतून पोखरलाय नुसता. ऐक, सामान बांध आणि परत ये. पुरे झालं शिक्षण."

मी मनात म्हणत होते, म्हण रे नाही म्हण, एकदा तरी. तो म्हणाला, "बरं. येतो."

मग तो मागे वळला आणि या वेळी मात्र त्यानं खरं तेच सांगितलं. "आई मला परत बोलावतेय. मी हो म्हणालो." घरमालकीण खुर्ची ओढून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी तो प्रबंध घेऊन बसले. संतापानं. हातात लाल पेन. आपल्या नेमक्या किती ओळी चोरीला गेल्या ते तरी कळू दे. जी ओळ माझी, तिच्यापुढे बरोबरची खूण. एक, दोन, पाच, आठ. अकरा ओळींपुढे खुणा झाल्या. बारावा उतारा सगळ्यात शेवटी होता. त्याच्याआधी बाईंनी कंसात लिहिलं होतं: 'तुमचं घर कुठे, असं विचारल्यावर सहभागी टॉवेलविषयी बोलू लागला.'

'घरी गेलो की मला नवा टॉवेल देतात,' तो म्हणाला होता. 'घरातले बाकीचे टॉवेल दोरीवर असतात. माझा घडी घालून पलंगावर ठेवलेला असतो. मला कुणी काम सांगत नाही. कुणी ओरडत नाही. पहिल्या खेपेला बरं वाटलं. आता घरात शिरलो की मी आधी पलंगाकडे बघतो, या वेळी तरी जुना ठेवलाय का.'

हे माझं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा वाचलं, पण माझं नव्हतंच. आकाशी टॉवेल तेवढा मी आणलेला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माझा मलाच राग आला. माझं ऐकायला दर रविवारी दादा होता. याचं ऐकायला एक टेप होता. मी लाल पेनाला टोपण लावलं आणि तशीच आईकडे गेले.

तिला सगळं सांगितलं. माझं रडं, खिडकी, साखर, भांडी, सगळं. मग टॉवेलचा उतारा वाचला. आईनं प्रबंध माझ्या हातातून घेऊन मिटला.

"तुझ्या सासूबाई भांडी पुन्हा घासायच्या?" तिनं विचारलं.

"आई, आधी टॉवेलचं बघ."

"म्हणजे तो तिकडे परका नाही."

"नाही."

"इकडे आहे," आई म्हणाली आणि उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिनं स्वतःच फोन लावला. "परत येऊ नकोस," ती म्हणाली. "म्हणजे ये. सुट्टीला ये आणि जा. अभ्यास पुरा कर." पलीकडे दादा म्हणाला, "बरं." त्याला दोन्ही हुकूम सारखेच.

सुट्टीला यायला दीड महिना होता. आईनं ठरवलं की या खेपेला सरबराई बंद. तिनं माळ्यावरून दादाचा कॉलेजातला तपकिरी टॉवेल शोधून काढला. त्याच्या एका कोपऱ्याला भोक होतं आणि मधली वर्षं त्यानं सायकल पुसण्यात घालवली होती. आईनं तो तीनदा धुतला. मग इस्त्री केली. मी म्हटलं, "फाटक्या टॉवेलला इस्त्री कोण करतं?" तर म्हणाली, "चुरगळलेला कसा देऊ गं?" ओरडण्याची तर आम्ही तालीमच केली. मी दादा व्हायचे आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचे. आई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "पाय खाली घे, बाळा."

"बाळा नको."

"पाय खाली घे. दुखतायत का?"

दादा आला. पलंगावर तपकिरी टॉवेल बघून जागीच थबकला. "याला भोक आहे," तो हळूच म्हणाला.

"मग? तुला काय नवा हवाय?" आईनं ठरलेलं वाक्य टाकलं, पण इतक्या गोड आवाजात की त्यापेक्षा नवा टॉवेल बरा. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला काम सांगितलं, "जा, दूध घेऊन ये." तो पायऱ्या उतरेपर्यंत ती दारात उभी. मग मला म्हणाली, "तू जा त्याच्या मागून. दुकान बदललंय, सापडायचं नाही त्याला." मी माझ्या चाळिशीच्या भावाच्या दहा पावलं मागून दूध आणायला गेले. त्याला सगळं कळत होतं. पण आम्ही एवढी मेहनत घेतोय हे बघून तोही बिचारा ओरडा खाल्ल्यासारखा चेहरा करत होता. तीन दिवस आमचं हे नाटक चाललं. चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं की आता काही खरं नाही, हा पाहुणा तो पाहुणाच.

चौथ्या दिवशी आई आणि मी बाजारातून आलो. स्वयंपाकघरात दादा आईच्या पॉलिश केलेल्या स्टुलावर उभा होता. बुटांसकट. आता एक सांगायला हवं. दादा येणार म्हणून आईनं पंधरा दिवस आधी स्वयंपाकघराला रंग दिला होता आणि रंगाऱ्याकडून दारावरची ती जुनी भेग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवून घेतली होती. भेगांच्या पंडिताला भेग दिसली तर बरं दिसणार नाही म्हणून. पंडितानं सुरीच्या टोकानं हातभर लांबी उकरून काढली होती. खाली ओट्यावर पांढरा भुगा, दुधाच्या उघड्या पातेल्यात भुगा, आणि नव्या कोऱ्या रंगावर भेगेच्या टोकाशी पेन्सिलीनं रेघ मारून हा तारीख लिहीत होता.

"सापडली," तो आनंदानं म्हणाला. "कुणीतरी बुजवली होती."

आईनं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. "खाली उतर," ती म्हणाली, आणि मी तीन पावलं मागे सरकले, कारण हा आवाज तालमीतला नव्हता. "मेल्या, काल-परवा रंग दिलाय भिंतीला! चार दिवस त्या रंगाऱ्याच्या मागे उभी राहिले मी. बूट घालून स्टुलावर चढतोस? दुधात माती? एवढा घोडा झालास, एवढी पुस्तकं वाचलीस, आणि पातेल्यावर झाकण ठेवावं एवढी अक्कल नाही? माझ्या घरात ही थेरं चालायची नाहीत. तो झाडू घे. तो नाही, दुसरा. आणि ती पेन्सिल आण इकडे."

दादानं आधी घाबरून माझ्याकडे बघितलं. हे ठरलेलं आहे का, असं त्याला विचारायचं होतं. मी मान हलवली, नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू असा काही पसरला की आई आणखीच भडकली. "हसतोस काय?" त्यानं झाडू घेतला. झाडलं. कोपरा सोडला. त्यावरून पुन्हा ऐकलं. मीही हात धुऊन घेतले. माझ्या अकरा ओळींचा हिशेब राहिलाच होता. "चोरटा मेला," मी म्हटलं, "पुन्हा माझं रडं कुणाला सांगितलंस तर याद राख." तो झाडत होता आणि हसत होता, आणि ओट्याखाली वाकून त्यानं डोळेही पुसले. त्याचं बघून मी आणि माझं बघून आईनंही पुसले, पण ओरडणं थांबवलं नाही.

त्या दिवसानंतर घरातला सगळा मऊपणा गेला. दादाला दिवसातून चार वेळा दुकानात पिटाळलं जाऊ लागलं. रंग खराब झालाच होता, म्हणून आईनं त्याला भेगेवर काचेची पट्टी चिकटवायची परवानगी दिली. त्यानं आपल्या वहीत त्रेचाळीस घरांच्या खाली आईचा पत्ता लिहिला, घर क्रमांक चव्वेचाळीस. दर महिन्याला स्टुलावर चढून पट्टी बघायचं काम आईनं माझ्याकडे दिलं, बूट काढून.

तो गेला त्या दिवशी मी आईपाशी थांबले होते. ती रडेल म्हणून रुमालही हाताशी ठेवला होता. ती त्याच्या खोलीत गेली आणि आतून हाक आली, "हे बघ. बघ हे." पलंगावर, नव्या चादरीवर, गोळा करून टाकलेला तपकिरी टॉवेल. ओलाचिंब. खालची गादीसुद्धा भिजलेली. आईनं टॉवेल उचलला नाही. "राहू दे," म्हणाली. "पोचू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी तो पोचल्याबरोबर तिनं फोन लावला आणि कॅमेरा पलंगाकडे फिरवून सहा मिनिटं न थांबता बोलली. ओला टॉवेल, गादी, वास, बुरशी, वय, शिक्षण, सगळं आलं त्यात. घरमालकीण आवाज ऐकून मागे येऊन उभी राहिली. त्यांना शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची असावी. आई श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्यांनी दादाला विचारलं, "काय म्हणते?"

मी त्याच्या हाताकडे बघत होते. हात कानाकडे गेला नाही. त्यानं ओला टॉवेल, गादी आणि घोडा, सगळं जसंच्या तसं सांगितलं. घरमालकिणीनं ऐकलं, एक लांब सुस्कारा सोडला आणि दोनच वाक्यं बोलल्या.

"काय म्हणतात त्या?" आईनं विचारलं.

"म्हणतायत, इथेही असंच करतो," दादा म्हणाला. "आणि विचारतायत, काय उपाय करायचा?"

आईनं फोन अगदी तोंडाजवळ धरला. "त्यांना सांग," ती म्हणाली, "टॉवेल आपण उचलायचा नाही. आधी ओरडायचं. मग तो उचलतो."

दादानं सांगितलं. घरमालकिणीनं मान डोलावली आणि पोस्टातल्या सवयीनं कागद ओढून ते लिहून घेतलं.